शुक्रवारचं पत्रक

दर शुक्रवारी दुपारी
मी दोनशे सोळा घरांना पत्रक पाठवते.
वर कौन्सिलचं बोधचिन्ह, तळाशी माझं नाव, इफेओमा,
मधे आठवड्याची खबरबात:
द्राक्षं उभी चिरा, आडवी नकोत.
प्रथमोपचाराचा वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद आहे.
निजलेल्या बाळाकडे दर दहा मिनिटांनी पाहा,
आणि पाहिलंत हे लिहून ठेवा.
मुलांची मोजणी मंगळवारपर्यंत.
'मंगळवार' ठळक अक्षरांत.

किती जणी वाचतात, देव जाणे.
हेझल एंटविसल वाचते.
फ्लीटवुडला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून दोन गल्ल्या आत,
मुलं निजली की ती चहा गार होऊ देते
आणि मला उलट टपाली कळवते:
"'आपली सुविधा' म्हणजे माझं स्वयंपाकघर का?"
आणि एकदा:
"द्राक्षं चिरली. आता वीजबिल कसं चिरू,
उभं की आडवं?"

मार्चअखेर मी तिच्याकडे गेले.
भेटीचं कारण या रकान्यात 'साहाय्य' लिहिलं होतं.
दाराशी चिमुकले गमबूट, सहा जोड,
एकातून ओली वाळू सांडलेली.
खिडकीत एक मुलगा, नाक काचेला चिकटवून.
रूफस. ऑक्टोबरपर्यंत तो बोलतच नव्हता.
आता एक शब्द आलाय, ट्राम,
आणि जे जे जातं ते सगळं ट्राम:
कचऱ्याची गाडी, शेजारचं मांजर,
सकाळी डबा घेऊन निघालेली आई.

घोडं त्याच्यापाशीच अडलं होतं.
एकतीस मार्चच्या आत तीन वर्षं पूर्ण असतील
तर एप्रिलपासून तासांचे पैसे कौन्सिल देते.
रूफस एक एप्रिलचा.
मध्यरात्र उलटून चार मिनिटांनी झालेला.
"सुईण बिचारी 'जोर लाव' म्हणत होती," हेझल म्हणाली,
"पण कशासाठी, ते त्या पोरीला कुणी सांगितलं नाही."
चार मिनिटं, म्हणजे थेट सप्टेंबर.
आईचे तास मासळीच्या कारखान्यानं छाटले,
तिथं नोकरदारांची सवलतही गेली.

मी फाइल उघडली. नियमावर बोट ठेवलं.
बोट ठेवायचेच मला पगार मिळतात.
हेझलनं माझ्या बोटाकडे पाहिलं,
मग माझ्यापुढे एक टोस्ट सरकवला, मुलांसारखा, चार फाकी करून.
मी तो खाल्ला.
दोन मुलांनी मला त्यांचा डायनोसॉर धरायला दिला
आणि परत मागितलाच नाही.

निघताना मी म्हटलं, वरती विचारून बघते.
म्हणाले मी. खरंच विचारलंही.
वरून उत्तर आलं, त्यात तोच नियम होता,
माझ्याच पत्रकातून उचललेला,
माझ्याच चुकलेल्या स्वल्पविरामासकट.

फाटकाशी वळून पाहिलं तेव्हा
काचेवर वाफेचा एक गोल होता, त्यामागे तोंड हलत होतं.
आवाज बाहेर येत नव्हता.
पण शब्द एकच आहे त्याच्यापाशी,
तेव्हा मला कळलं मी कोण ते.

या शुक्रवारी लिहायचं बरंच होतं:
वाळूच्या खड्ड्यावर झाकण ठेवा, मांजरं येतात.
अनुदानाचा अर्ज आता नव्या नमुन्यात.
लिफ्ट अजून बंद.
चार मिनिटांबद्दल एक ओळ लिहिली,
खोडली, पुन्हा लिहिली,
मग साहेबांनी खोडली.

मंगळवारी मोजणीचे तक्ते आले.
हेझलचा, नेहमीप्रमाणे, पावणेपाचला, जॅमच्या बोटासकट.
पाच नावं, पुढे तास, बेरीज बरोबर.
सहाव्या ओळीत, जिथं नाव घालायची गरजच नव्हती,
रूफस.
तास: शून्य.
शेरा: येतो.

संगणकानं ती ओळ लाल केली
आणि विचारलं, चूक दुरुस्त करायची आहे का?
मी 'नाही' दाबलं.
त्यानं पुन्हा विचारलं.